इसब त्याच जागी का उठतो

'अंगातली उष्णता बाहेर पडते, मलम लावून ती आत दाबू नये' हे या चर्चेत वर कुणीतरी इसबाबद्दल लिहिलेलं म्हणणं मला अजिबात पटत नाही. माझ्या धाकटीला दोन वर्षांची असल्यापासून इसब आहे. आम्ही फोंड्याचे. एप्रिल-मे महिन्यांतल्या घामात कोपराच्या आतली बाजू आणि गुडघ्यामागचा भाग ती रक्त येईपर्यंत खाजवायची, आणि 'दाबायचं नाही' म्हणून आम्ही तिला तसंच ठेवलं. आजही त्याचं वाईट वाटतं.

त्वचेच्या कोरडेपणावर इथे बरंच लिहून झालंय, पण पेशींचा विषय कुणी काढलेला नाही. इसबात टी-हेल्पर २ या पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन ४ आणि १३ ही दाह पेटवणारी निरोप्या प्रथिनं सोडतात. त्यांच्यामुळे त्वचेचा बांध राखणारं फिलाग्रिन हे प्रथिन कमी बनतं. बांध फुटला की धूळ, जंतू आत शिरतात आणि त्याच पेशी आणखी चवताळतात. खाज उठवायला इंटरल्युकिन ३१ असतंच. डाग गेल्यावरही काही स्मृती टी-पेशी (आधीचा दाह लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशी) त्याच जागी मुक्काम ठोकून राहतात, म्हणून इसब पुन्हा तिथेच उठतो. हे कळल्यावर डॉक्टर 'कातडी साफ दिसली तरी जुन्या जागांवर आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस (अशा पेशींना शांत ठेवणारं मलम) लावत राहा' का सांगतात ते मला उमगलं. गेल्या पावसाळ्यापासून तसं करतोय, आणि पोर रात्रभर झोपते.