शब्दचर्चा: प्रायमरीच्या मतपत्रिकेवरचा ‘अॅडव्हायझरी’ प्रश्न मराठीत कसा लिहावा?

डॅलसहून

मंडळी, एका शब्दावर अडले आहे. इथल्या मराठी ज्येष्ठांसाठी मी दर निवडणुकीला मतदानाच्या माहितीचं दोन पानी पत्रक मराठीत करते. यातले बरेच जण मुलांकडे आले आणि इथलेच झाले. आता ते नागरिक आहेत आणि नेमाने मत देतात, पण मतपत्रिकेवरचं इंग्रजी त्यांना जड जातं. टेक्ससमध्ये मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीत, उमेदवारांची नावं संपली की खाली पक्षाने घातलेली काही विधानं (इंग्रजीत ‘प्रपोझिशन’) असतात आणि प्रत्येकापुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ निवडायचं असतं. निकाल कसाही लागला तरी त्यातून कायदा होत नाही. आपल्या मतदारांना काय वाटतं ते पक्षाला कळतं, एवढंच; म्हणून ती ‘अॅडव्हायझरी’. ५ मार्च २०२४ च्या रिपब्लिकन मतपत्रिकेवर अशी १३ विधानं होती आणि तेराच्या तेरा मंजूर झाली.

त्या वेळी मी मथळा दिला होता ‘सल्लागार प्रस्ताव’. पहिलं विधान मालमत्ता कराचं होतं. जागा वाचवायला मी ते ‘मालमत्ता कर रद्द: हो / नाही’ असं उतरवलं. नोव्हेंबरात एक आजी कराचं बिल हातात घेऊन माझ्याकडे आल्या. “अगं, मार्चमध्ये आपण हो म्हटलं होतं ना? पास झालं म्हणालीस. मग हे कशाचं?” बिल भरायचं नाही असं समजून त्यांनी ते तीन आठवडे देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं होतं. मुदत ३१ जानेवारीची, म्हणून वेळेत भरलं गेलं. पण चूक माझ्या मराठीची होती, आणि ती मला पुन्हा करायची नाही. तुम्ही काय लिहाल?

पुण्याहून

ताई, मी नोकरीभर कायद्याचं भाषांतर केलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

‘सल्लागार’ इथे चालणार नाही. मराठीत सल्लागार म्हटलं की आधी माणूस डोळ्यांपुढे येतो, फार तर समिती. ‘सल्लागार समिती’ खपून जातं, कारण समितीत माणसंच असतात आणि ती सल्ला देतात. ‘सल्लागार प्रस्ताव’ वाचणाऱ्याला मात्र वाटतं की प्रस्तावच आपल्याला सल्ला देतोय. इथे सल्ला देणारा आहे मतदार आणि घेणारा पक्ष. दिशाच उलटी होते. ‘सल्लात्मक’ व्याकरणाला चालेल, पण तुमच्या आजींना त्यातून काय कळणार?

‘अबंधनकारक’ हा शब्द कार्यालयात चालतो. पण घाईत वाचताना सुरुवातीचा ‘अ’ निसटतो आणि ‘बंधनकारक’ तेवढं डोळ्यात राहतं. म्हणजे अर्थ थेट उलटा. छापील पत्रकासाठी हा धोका पत्करू नका. ‘बंधनकारक नाही’ असं सुटं, दोन शब्दांत लिहा.

आणि ‘सार्वमत’ तर अजिबात नको. सार्वमतात एक तर सगळे मतदार येतात, आणि दुसरं म्हणजे लोकांनी ठरवलं की विषय संपला असा त्या शब्दाचा वास आहे.

रत्नागिरीहून

‘कौल’ का नको? जनतेचा कौल, मतदारांचा कौल असं आपण रोज वाचतो. ‘मतदारांचा कौल मागणारे प्रश्न’ म्हटलं की कोणालाही समजेल. शिवाय आमच्याकडे देवाला कौल लावतात तेव्हाही आधी प्रश्नच विचारलेला असतो. मूर्तीला पाकळ्या लावायच्या आणि उजवी पडते की डावी ते बघत बसायचं.

मडगावहून

गोव्यात या शब्दाला इतिहास आहे. १६ जानेवारी १९६७ ला गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की केंद्रशासित राहावा यावर मतदान झालं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. संसदेच्या कायद्यात त्याचं नाव ‘ओपिनियन पोल’, आणि उद्देश लोकांची इच्छा जाणून घेणे. आम्ही मराठीत म्हणतो ‘जनमत कौल’. नावात नुसतं ‘मत’ आहे, पण त्या मतावर एका प्रदेशाचं भवितव्य ठरलं. दोन पानांना ३४,०२१ मतं जास्त पडली आणि गोवा वेगळा राहिला. म्हणून ‘कौल’ ऐकला की आमच्या घरातल्या मोठ्यांना निर्णयच आठवतो.

पुण्याहून

मडगावकरांनी दाखवलेली अडचण खरी आहे, आणि तिचं मूळ आणखी खोल जातं. ‘कौल’ अरबीतून आला, अर्थ बोल किंवा वचन. शिवकाळात ओस पडलेल्या गावी रयतेला परत बोलावताना कौल दिला जाई, कौलनामा लिहून दिला जाई. तो लेखी शब्द असे आणि देणारा त्याला बांधलेला असे. देवळातला कौलही तसाच. डावा कौल आला तर माणूस लग्न पुढे ढकलतो. म्हणजे मराठीत कौल कुठेही गेला तरी कोणाला ना कोणाला बांधतोच. ज्या गोष्टीचं एकमेव वैशिष्ट्य ‘ही कोणालाही बांधत नाही’ हे आहे, तिला हा शब्द द्यावा असं मला वाटत नाही.

साताऱ्याहून

एक मुद्दा राहतोय. आपल्या लोकांना मतदान म्हटलं की काहीतरी घडणार असंच वाटतं, कारण तसा अनुभव आहे. आमच्या तालुक्यात बाटलीचं मतदान झालं तेव्हा माझी आई रांगेत होती. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. नियमाप्रमाणे पुरेशी मतं आडवीला पडली तर दारूचं दुकान बंद. मत पडलं आणि कुलूप लागलं, हे तिने डोळ्यांनी पाहिलं. अशा बाईला तुम्ही ‘हो / नाही’ विचारलंत तर ती निर्णय देतेय असंच समजणार. त्या आजींची चूक नव्हती.

अटलांटाहून

जॉर्जियातही हे असतं, पण घडण जरा निराळी. इथे खरोखरीचा प्रश्न असतो, ‘तुमचा अमुक गोष्टीला पाठिंबा आहे का?’ अशा घाटाचा. त्यामुळे ‘प्रश्न’ हा शब्द आपोआप बसतो. टेक्ससमध्ये तुम्ही म्हणता तसं विधान असतं, त्याला ‘प्रश्न’ म्हणताना अडखळायला होतं.

आणि बांधत नाही म्हणजे काहीच होत नाही, असंही पत्रकात लिहू नका. जुलै २०१२ च्या प्रायमरीत दोन्ही पक्षांनी आमदारांना लॉबीवाल्यांकडून, म्हणजे कायद्यांसाठी त्यांचं मन वळवणाऱ्यांकडून, मिळणाऱ्या भेटवस्तूंबद्दल विचारलं होतं. रिपब्लिकन प्रश्नात १०० डॉलरची मर्यादा होती आणि ‘हो’ प्रचंड बहुमताने आलं. पुढच्या वर्षी विधिमंडळाने खरोखर कायदा केला, मर्यादा ठेवली ७५ डॉलर. आकडा वेगळा आहे ते बघा. मतपत्रिकेवरचं वाक्य कायदा झालं नाही. त्याच्या रेट्याने निराळा कायदा आला.

ह्यूस्टनहून

‘रेटा’ हा अचूक शब्द आहे, आणि तो दोन्हीकडे चालतो. टेक्ससमध्ये जुलै १९५६ च्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत वर्णभेदाच्या बाजूचे तीन मुद्दे असेच मतपत्रिकेवर घातले होते. त्यातला एक गोऱ्या-काळ्या मुलांना एका शाळेत बसवण्याच्या सक्तीतून सूट देण्याचा होता. तिन्ही मोठ्या फरकाने मंजूर झाले. ते बंधनकारक नव्हते, तरी १९५७ मध्ये विधिमंडळाने शाळांतल्या एकत्रीकरणाला अडथळा आणणारे कायदे केले. म्हणून ‘हे नुसतं मत आहे, काही बिघडत नाही’ अशा सुरात मी कधी लिहिणार नाही. काय विचारायचं ते पक्ष ठरवतो आणि शब्दही त्याचेच असतात.

लोक अर्ज करून मुद्दा घालू शकतात, पण ते सोपं नाही. २०२४ च्याच प्रायमरीसाठी टेक्ससने स्वतंत्र व्हावं का, हा मुद्दा घालायला एका संघटनेने सुमारे १ लाख ३९ हजार सह्या दिल्या होत्या. लागणार होत्या ९७ हजारांहून थोड्या जास्त. पक्षाने बहुतेक सह्या ग्राह्य नाहीत आणि अर्ज उशिरा आला असं सांगून तो फेटाळला, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही.

डॅलसहून

हे सगळं वाचून माझी चूक कुठे झाली ते आता नीट दिसतंय. मी मथळ्यातल्या शब्दावर विचार करत बसले आणि वाक्यातलं क्रियापद उडवलं! मूळ विधानाचा अर्थ असा होता: ‘टेक्ससच्या लोकांवरचा एकूण करभार न वाढवता टेक्ससने सर्व मालमत्ता कर रद्द करावेत.’ यातलं ‘करावेत’ हेच सगळं सांगतं. ‘मालमत्ता कर रद्द’ म्हटल्यावर ते निकालासारखं वाचलं जातं. ‘करावेत’ म्हटलं की इच्छा व्यक्त होते. आपला विध्यर्थ इतका तयार असताना मी तो जागेसाठी कापला.

आणखी एक गोंधळ ‘प्रपोझिशन’ या शब्दाचा. नोव्हेंबर २०२३ मध्ये टेक्ससच्या संविधानातल्या दुरुस्त्या मतदारांपुढे आल्या, त्यांनाही प्रपोझिशनच म्हणतात. त्या १४ होत्या, १३ मंजूर झाल्या आणि त्या लागू झाल्या. चौथीने शाळांसाठीच्या मालमत्ता करातून वगळायची राहत्या घराची किंमत ४० हजारांवरून १ लाख डॉलरवर नेली. म्हणजे आजींनी नोव्हेंबरात करावर मत दिलं आणि बिल खरंच कमी झालं. चार महिन्यांनी त्याच शब्दाखाली, त्याच विषयावर पुन्हा मत दिलं, आणि बिल जसंच्या तसं आलं. त्यांनी गोंधळू नये तर काय करावं? म्हणून नोव्हेंबरातल्यांना मी ‘दुरुस्ती प्रस्ताव’ म्हणणार आणि मार्चमधल्यांना ‘प्रस्ताव’ हा शब्द लावणारच नाही.

पुण्याहून

हे पटलं. मग मार्चमधल्यांना ‘पक्षाची विचारणा’ म्हणा. विचारणा केली म्हणजे उत्तर द्यायचं, पण त्यातून हुकूम निघत नाही हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. कोण विचारतंय तेही त्यात येतं. ‘पक्षांतर्गत’ मात्र म्हणू नका. माझ्या समजुतीप्रमाणे टेक्ससमध्ये मतदाराची नोंदणी पक्षाच्या नावाने होत नाही, कोणत्या पक्षाची मतपत्रिका घ्यायची ते मतदार तिथे ठरवतो. ‘पक्षांतर्गत’ने वाटेल की सभासदांपुरतंच आहे.

डॅलसहून

बरोबर, इथे तसंच आहे. एका वेळी एकाच पक्षाची मतपत्रिका घेता येते. ‘प्रायमरी’ मी तशीच ठेवते. ‘प्राथमिक निवडणूक’ लिहिलं होतं तेव्हा एका आजोबांनी नातवाच्या शाळेत मतदान आहे का, असं विचारलं होतं.

आता मजकूर असा केलाय:

‘पक्षाची विचारणा. पुढील विधानांवर पक्ष तुमचं मत विचारत आहे. हे मत बंधनकारक नाही. बहुमताने “हो” आलं तरी कायदा किंवा कर लगेच बदलत नाही. तुमचं मत पक्षाला आणि आमदारांना कळतं.’

खाली प्रत्येक विधान पूर्ण वाक्यात, शेवटी ‘करावे’, ‘असावे’, ‘द्यावे’. पत्रक दोनाचं तीन पानी होतंय, होऊ दे.

साताऱ्याहून

‘लगेच’ काढा. लगेच बदलत नाही म्हटलं की पुढच्या वर्षी बदलेल असं वाटतं. ‘या मताने कायदा किंवा कर बदलत नाही’ एवढंच ठेवा.

डॅलसहून

काढला. आज संध्याकाळी आजींना वाचून दाखवते, त्या अडखळल्या तर पुन्हा इथे येते.