शब्द हवा : वजीर, प्रधान की आणखी काही?

शाईदौत : प्राचीन इजिप्तवरचा लेख मराठीत आणतेय. रेखमिरे हा थुतमोस तिसऱ्याचा आणि पुढे अमेनहोतेप दुसऱ्याचा 'चाती', म्हणजे फारोच्या, म्हणजे तिथल्या राजाच्या, खालोखालचा माणूस. न्याय, महसूल, अमुन देवाच्या देवळाचे कारखाने, सगळं त्याच्याकडे. आजोबा आमेचू आणि चुलता उसेर हेही चातीच. मी 'वजीर' लिहिलं, तर मुलगा म्हणाला, "तो पटावरचा ना?"

कोशवेडा : 'प्रधान' लिहा. शिवकालीन राज्यव्यवहारकोशात फारसी शब्द काढताना पेशव्याला 'प्रधान' केलं ते उगाच नाही. अरबी 'वजीर' रेखमिरेनंतर दोन हजार वर्षांनी आला.

गावकूस : कोश झाला, तरी लोकांच्या तोंडी पेशवेच राहिले. 'वजीर'च ठेवा. अरबीत 'विझ्र' म्हणजे ओझं, 'वजीर' त्यातूनच आला म्हणतात. रेखमिरेच्या थडग्यातल्या लेखात नेमणुकीच्या वेळी राजा त्याला तेच सांगतो : हे पद गोड नाही, पित्तासारखं कडू आहे. 'प्रधान'मध्ये हा कडवटपणा कुठे आहे?

शाईदौत : हे पटतंय. पण आता त्याच्या बायकोपाशी, मेरितपाशी अडलेय. त्या काळच्या थडग्यांत बायकोच्या नावाआधी 'त्याची बहीण, नेबेत-पेर' असं येतं. बायकोला 'बहीण' म्हणायची तिथली रीतच होती, रक्ताचं नातं असायलाच हवं असं नाही. तिथे मी 'पत्नी' लिहीन. पण 'नेबेत-पेर'? शब्दशः 'घराची मालकीण', आणि ते भाडेकरूच्या तोंडचं वाटतं.

गावकूस : कारभारीण! आमची आजी आजोबांना 'कारभारी' म्हणायची, आजोबा तिला 'कारभारीण'. कणगीतलं धान्य तिच्या हातानेच निघायचं, आजोबासुद्धा विचारून घेत. रेखमिरे राज्याचा कारभारी, मेरित घरची कारभारीण. दोन्ही अडचणी सुटल्या.

कोशवेडा : 'कारभार' फारसीच, 'कारोबार'वरून. वजीर काढून तेच आणलंत.

सांजवारा : मला तो 'कार्यभार' वाटतो. 'य' गळाला, बाकी जसाच्या तसा.

कोशवेडा : 'कार्य' झिजलं तर त्याचं 'काज' होतं. कामकाज म्हणतो ना आपण?

सांजवारा : काज झालं म्हणून कार होणारच नाही असं थोडंच आहे? बाकी आमच्या गोव्यात नवरा 'घरकार', बायको 'घरकान्न'. नेबेत-पेर अगदी तीच.

शाईदौत : 'घरकान्न' किती नेमका आहे! पण माझा वाचक विदर्भातला आहे.

गावकूस : मग कारभारीणच. विदर्भात कुणी सांगेल का, तिकडे काय म्हणतात?