दिवाळी अंक योजना चालते, मग मे महिन्यातली वाचन योजना का बारगळते?

देवघेव
सभासदांत दिवाळी अंक आळीपाळीने फिरवायची सार्वजनिक वाचनालयांची अंक योजना वर्षानुवर्षं तग धरून आहे. कुमारवयीन मुलांसाठीची सुट्टीतली वाचन योजना मात्र उद्घाटनाचा फोटो आणि शेवटी प्रमाणपत्रं एवढ्यावरच आटोपते. माझं स्पष्ट मत: बक्षिसं बंद करा आणि उन्हाळ्यातही अंक योजनेचाच साचा वापरा. वेगळी वर्गणी, ठरलेला संच, आखूड मुदत.

अंक फिरतात ते मुदतीच्या जोरावर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा १२० दिवस. चार दिवसांची मुदत ठेवली तर एका प्रतीच्या ३० फेऱ्या होतात. सभासद ६० आणि अंक सगळ्यांनाच हवा, तर कागदावर दोन प्रती पुरतात. पण लोक सरासरी दोन दिवस उशीर करतात, फेऱ्या २० वर येतात, म्हणून तीन घ्याव्या लागतात. हाच हिशेब १३ ते १७ वयासाठी करा: ८० पुस्तकं, सात दिवसांची मुदत, १५ एप्रिल ते १० जून. प्रत्येक पुस्तकाच्या आठ फेऱ्या. बक्षिसाची गरजच काय?

पानगळ
हिशेब बरोबर, माणूस चुकीचा. अंक योजनेची वर्गणी भरणारा आधीपासूनच वाचक असतो. पंधरा वर्षांच्या मुलाला वर्गणी आणि अनामत भरून मुदतीच्या धाकात वाचायला लावलंत तर तो दारातूनच परत जाईल. पहिला धक्का द्यायला बक्षीस लागतं.

चुकतं ते मोजमाप. ‘सर्वाधिक पुस्तकं वाचणाऱ्यास’ असं जाहीर केलं की पातळ पुस्तकांचा फडशा पडतो आणि जाड कादंबऱ्या कपाटातच राहतात. पानं मोजली तर मोठ्या टायपातलं पुस्तक जिंकतं. म्हणून वेळ मोजा. दहा चौकोनांचं कार्ड, एक चौकोन म्हणजे अर्धा तास. कार्ड भरलं की सोडतीत एक चिठ्ठी, माणशी जास्तीत जास्त पाच. दोनच कार्डं भरणाऱ्यालाही आशा राहते, आणि अधाशासारखं वाचणारा एकटाच सगळं घेऊन जात नाही.

देवघेव
वेळ तपासणार कोण? दहाही चौकोन एकाच पेनाने, एकाच बैठकीत भरलेले दिसतात आणि खाली पालकांची सही असते. तारखेच्या पट्टीवरचा शिक्का निदान खोटा नसतो.

पानगळ
शिक्का पुस्तक घरी गेल्याचा असतो, वाचल्याचा नाही. परत करताना खिडकीवर एकच प्रश्न विचारा: हे पुढे कोणाला द्यावं? न वाचणारा तिथेच अडखळतो आणि परीक्षेचा वासही येत नाही. उत्तर एका ओळीत चिठ्ठीवर लिहून पुस्तकाला लावा. आपल्याच वयाच्या मुलाने लिहिलेली ओळ परिचयपत्रकापेक्षा जास्त ओढते.

अभ्यासिका
तुम्ही दोघंही वेळापत्रक विसरताय. बहुतेक वाचनालयं सकाळी आणि संध्याकाळी उघडी असतात. मुलं मोकळी असतात दुपारी, नेमकी तेव्हा कुलूप. अभ्यासिका असते, पण तिथल्या खुर्च्या स्पर्धा परीक्षावाल्यांनी सकाळीच धरलेल्या.

दुसरं, नववीतून दहावीत जाणाऱ्यांची सुट्टी क्लासच्या व्हेकेशन बॅचमध्ये जाते. खरा मोकळा वर्ग दहावीची परीक्षा दिलेल्यांचा. त्यांचा पेपर मार्चमध्ये संपतो, अकरावीला बराच अवकाश असतो. योजना एप्रिलच्या मध्यावर का? शेवटच्या पेपरनंतरच्या सोमवारी सुरू करा.

आणि सगळ्यात मोठी अडचण बंद कपाटांची. मागणी चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं, पण मुलाला नावच माहीत नसतं! दाराजवळ एक टेबल, त्यावर मुखपृष्ठं वर करून ४० पुस्तकं, दर आठवड्याला निम्मी बदललेली. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले, त्यातला एक प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असा आहे. कुलपाआड तो मिळायचा कसा?

कार्यकारिणी
टेबल ठीक आहे, पुस्तकं आणायची कुठून? सरासरी २०० रुपये धरले तरी ८० पुस्तकांचे १६ हजार होतात आणि अनुदानाचा हप्ता वेळेवर हाती पडेलच असं नाही. म्हणून वर्गणीला माझा पाठिंबा, पण मुलांच्या नव्हे, मोठ्यांच्या. अंक योजना संपली की मार्चमध्ये दिवाळी अंक निम्म्या किमतीत सभासदांनाच विका आणि ते पैसे कुमार संचासाठी राखून ठेवा. त्यासाठी अंक मार्चपर्यंत धड राहायला हवेत. पिना मारलेल्या अंकाची मधली पानं चार-पाच हातांतून गेल्यावर निखळतात. देण्याआधी दाभणाने तीन भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवा, वर प्लास्टिकचं कव्हर घाला. राशिभविष्याचे अंक मात्र जानेवारीतच विकायला काढा, पुढे त्यांना कोणी विचारत नाही.

अनामतीबद्दल पानगळ यांचं म्हणणं पटतं. पालक सभासद असतील तर त्यांच्याच खात्यावर मुलाला जादा कार्ड द्यावं.

पानगळ
आणि पालक सभासद नसतील तर? ज्या घरात वाचनालयाचं कार्डच नाही, तिथल्या मुलासाठी ही योजना आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांचं शिफारसपत्र घ्या आणि एका वेळी एकच पुस्तक द्या. ८० पैकी पाच-सहा परत येणार नाहीत असं धरूनच अंदाजपत्रक करा.

देवघेव
शिफारसपत्र चालेल. पण पाच-सहा पुस्तकं आधीच सोडून देणं मला मान्य नाही. मुदत संपल्यावर तिसऱ्या दिवशी फोन आणि दहाव्या दिवशी शाळेत निरोप गेला, तर ती परत येतात. निकाल घ्यायला मुलं शाळेत येतातच, पुस्तकांची पेटी त्या दिवशी तिथेच ठेवा.