नर्सिंग नोंदणीचे नूतनीकरण आणि सीएनईचे अपुरे तास : मदत हवी आहे

शहादेकर_सिस्टर :
नमस्कार. माझ्या नोंदणीची मुदत दोन महिन्यांत संपत आहे आणि सीएनईचे (सतत परिचर्या शिक्षणाचे) तास अजून पुरे झालेले नाहीत. आतापर्यंत ६४ भरले आहेत. उरलेले खान्देशातच कोठे भरता येतील, हे कृपया लवकर सांगावे. नाशिकला जायचे म्हटले की दोन दिवस मोडतात आणि आमच्याकडे एका पाळीला दोनच सिस्टर असल्यामुळे रजा मिळत नाही. लांबलचक सल्ला नको, ठिकाण आणि तारीख हवी आहे.

तापीकाठचा_डॉक्टर :
ताई, एवढी काळजी कशाला करता? पाच वर्षांत ३० गुण लागतात आणि आपल्याकडे ६४ आहेत, म्हणजे दुपटीहून अधिक झाले. माझे नूतनीकरण मागच्याच वर्षी याच हिशेबाने विनासायास झाले.

जुनी_मेट्रन :
डॉक्टरसाहेब, आपण सांगता तो हिशेब महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा, म्हणजे डॉक्टरांचा आहे. परिचारिकांची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते आणि भारतीय परिचर्या परिषदेने पाच वर्षांसाठी १५० तास, म्हणजे वर्षाला सरासरी ३० तास ठरवलेले आहेत. तीसचा आकडा दोन्हीकडे येतो, म्हणून ही गल्लत नेहमीच होते. सिस्टर, आपणही मात्र अर्धीच माहिती दिली आहे. आपण एएनएम (साहाय्यक परिचारिका-प्रसविका) आहात की जीएनएम (सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या पदविका)? नोकरी सरकारी की खासगी? आणि ६४ हा आकडा परिषदेच्या ऑनलाइन खात्यावर दिसतो, की आपण घरी प्रमाणपत्रे मोजून काढला?

घरबसल्या_शिका :
यात अडण्यासारखे काय आहे, ते मला कळत नाही. स्वयं आणि आयगॉट कर्मयोगी या सरकारच्या दोन्ही ऑनलाइन शिक्षण मंचांवर आरोग्यविषयक अभ्यासक्रम आहेत. नाईट ड्युटीत मोबाईलवर रोज चार तास पाहिले, तर राहिलेले ८६ तास तीन आठवड्यांत संपतील आणि बसभाडेही वाचेल.

जुनी_मेट्रन :
नाईट ड्युटीत रोज चार तास मोबाईल पाहणारी सिस्टर माझ्या वॉर्डात असती, तर तिला तास नव्हे, मेमो मिळाला असता. ते अभ्यासक्रम वाईट आहेत असे मी म्हणत नाही, मीही त्यांतले दोन केले आहेत; परंतु ज्या प्रमाणपत्रावर परिषदेचा मान्यता क्रमांक आणि तासांचा उल्लेख नाही, ते ज्ञानासाठी ठेवावे, नूतनीकरणाच्या बेरजेत धरू नये.

शहादेकर_सिस्टर :
मी जीएनएम आहे. सध्या खासगी रुग्णालयात आहे. त्याआधी एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) कंत्राटी होते, धडगाव तालुक्यात. ६४ हा आकडा खात्यावरचा आहे. प्रमाणपत्रे मोजली तर बेरीज बरीच जास्त होते, कारण प्रसूतीचे २१ दिवसांचे एसबीए प्रशिक्षण, नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमाचे दोन दिवस, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा एक दिवस आणि इथल्या रुग्णालयात दर महिन्याला होणारी जंतुसंसर्ग नियंत्रणाची व्याख्याने, यांतले काहीच खात्यावर चढलेले नाही. हे आधी लिहायला हवे होते, पण प्रश्न ठिकाणाचा असल्यामुळे लिहिले नाही.

प्रगती_पदवी :
ताई, आपण इग्नूची पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग करावी. बारावीनंतर जीएनएम करून दोन वर्षे अनुभव असलेल्यांना प्रवेश परीक्षा देता येते, अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि नोकरी सांभाळून पूर्ण होतो. माझ्या पत्नीला त्यानंतरच बढती मिळाली.

शहादेकर_सिस्टर :
भाऊ, मुदत दोन महिन्यांची आहे.

होमिओ_यावल :
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आम्हा होमिओपॅथी डॉक्टरांसाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम आहे, त्याला २०१४ च्या कायदादुरुस्तीचा आधार आहे, तरीही ॲलोपॅथीची मंडळी आम्हाला नावे ठेवतात. गावात रात्री दोन वाजता दार उघडतो कोण?

तापीकाठचा_डॉक्टर :
दार उघडण्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही; एका वर्षाच्या औषधशास्त्रावर किती भार टाकायचा, एवढाच प्रश्न आहे. परंतु हा धागा सिस्टरांचा आहे, आपण वेगळा धागा काढल्यास मी तेथे सविस्तर लिहीन. सिस्टर, माझ्या आधीच्या चुकीच्या उत्तराबद्दल क्षमस्व.

धुळ्याचा_ट्यूटर :
मी परिचर्या महाविद्यालयात शिकवतो आणि असे कार्यक्रम भरवण्याची कागदपत्रे करतो, म्हणून थोडे लांब लिहितो. आपली खरी अडचण ठिकाणाची नसून नोंदीची दिसते. कार्यक्रमाला परिषदेची मान्यता आयोजक घेतात आणि मान्यतेच्या पत्रावर तास लिहिलेले असतात. त्यामुळे नव्या कार्यक्रमामागे धावण्याआधी जुन्या प्रत्येक आयोजकाला एवढेच विचारावे, की मान्यता घेतली होती का, आणि उपस्थितांच्या यादीत माझा नोंदणी क्रमांक बरोबर आहे का. यादीत एक आकडा चुकला की तास दुसऱ्याच सिस्टरच्या नावावर जाण्याची भीती असते. आपले एनयूआयडी कार्ड (परिचारिकेचे राष्ट्रीय ओळखपत्र) आणि आधार यांवरील नाव सारखे आहे ना, तेही पाहावे. लग्नानंतर बदललेल्या आडनावाने अनेकींचे काम अडलेले मी पाहिले आहे. रुग्णालयातली महिन्याची व्याख्याने मान्यतेशिवाय झालेली असतील, तर ती मात्र सोडून द्यावीत. पुढच्या वेळी तीच व्याख्याने मान्यता घेऊन भरवा, असे व्यवस्थापनाला लेखी सुचवता येईल. आणखी एक : पूर्वी खान्देशात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे १९८९ चे धुळे एकच होते, आता जळगावला २०१८ पासून आणि नंदुरबारला २०२० पासून आहे. तेथील मेट्रन कार्यालयात आगामी कार्यक्रमांची चौकशी केल्याशिवाय नाशिकचे तिकीट काढू नये.

जुनी_मेट्रन :
ट्यूटरांचे म्हणणे योग्य आहे, तरी नुसत्या आकड्यांवर मला समाधान नाही. सिकलसेल मोहीम २०२३ मध्ये देशभर सुरू झाली, २०४७ पर्यंत आजार हटवण्याचे उद्दिष्ट ठरले आणि नंदुरबारच्या सिस्टरांवर तपासणीचा भार आला. रक्ताच्या सोल्युबिलिटी (विद्राव्यता) चाचणीत नळीमागे रेघांचा कागद धरतात आणि रेघा दिसेनाशा झाल्या तर चाचणी पॉझिटिव्ह समजतात, एवढे सर्वांना येते. वाहक आणि रुग्ण यांतला फरक या चाचणीने कळत नाही, त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणारी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही प्रयोगशाळेतली तपासणी लागते, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळात सोल्युबिलिटी चाचणी भरवशाची नसते, हे समोर बसून शिकल्याशिवाय डोक्यात राहत नाही. अंबू बॅगचेही (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचेही) तेच. नवजात बाळाला मिनिटाला ४० ते ६० श्वास हा आकडा स्क्रीनवर वाचला, तरी मास्कच्या कडेने हवा सुटते ती हाताला पुतळ्यावरच समजते. म्हणून उरलेले तास शक्यतो हात चालवण्याच्या कार्यशाळेत भरावेत.

घरबसल्या_शिका :
धडगावहून कार्यशाळेला येणाऱ्या सिस्टरची पाळी त्या दिवशी कोण करणार, हेही मेट्रनबाईंनी सांगावे.

जुनी_मेट्रन :
प्रश्न रास्त आहे. आमच्या वेळी मी स्वतः उभी राहत असे; आताच्या इन्चार्जबद्दल मी हमी देऊ शकत नाही.

शहादेकर_सिस्टर :
चार दिवसांनी लिहीत आहे. नवजात शिशु आणि सिकलसेल या दोन्ही प्रशिक्षणांना मान्यता होती. यादीत माझे माहेरचे आडनाव आणि जुना क्रमांक पडला होता. दुरुस्तीनंतर खात्यावर ८३ तास होतील, असे आयोजकांनी सांगितले आहे. एसबीएचे मूळ प्रमाणपत्र मी हौसेने लॅमिनेट केले होते, त्या उष्णतेने शिक्क्याची शाई पसरून जावक क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे वाचता येत नाहीत, म्हणून तेथून दुसरी प्रत मागवली आहे. ते तास मिळाले नाहीत तर ६७ उरतात.

धुळ्याचा_ट्यूटर :
पुढच्या महिन्यात आमच्याकडे नवजात पुनरुज्जीवनाची दोन दिवसांची कार्यशाळा आहे, शनिवार आणि रविवार. मान्यतेचे पत्र आले की येथेच कळवतो. त्याआधी कोणीही पैसे भरू नयेत.

शहादेकर_सिस्टर :
नंदुरबार किंवा दोंडाईच्याकडून आणखी कोणी सिस्टर येणार असतील तर सांगावे, शनिवारी पहाटे एकत्र गाडी करता येईल. रविवारची नाईट मी बदलून घेतली आहे, शनिवारची अजून कोणी घेतलेली नाही.