कळत नाही असं नाही
वर एका ताईंनी लिहिलंय की ऑटिस्टिक मुलांना आपण कसे दिसतो, हातवारे कसे करतो याचं भानच नसतं. माझा अनुभव वेगळा आहे. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. गणपतीत आरती सुरू झाली की तो आधी कानांवर हात ठेवायचा. आता लोक बघतात हे त्याला कळतं, म्हणून हात खिशात जातात आणि अंगठा आतल्या शिवणीवर घासत राहतो. घरी आल्यावर दोन तास अंधाऱ्या खोलीत पडून असतो. हे भान नसणं कसं म्हणायचं?

काहींना चेहऱ्यावर काय उमटलंय हे खरंच जाणवत नाही, तेही मान्य. पण डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या अभ्यासकाने २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. आपल्यालाही त्यांची देहबोली वाचता येत नाही. माझा मुलगा खिडकीबाहेर बघत असतो तेव्हा सगळ्यात नीट ऐकत असतो. मला हे कळायला बारा वर्षं लागली. तोवर मी रोज ‘माझ्याकडे बघ’ म्हणत त्याची हनुवटी वळवायचे. ताई, कृपया ते करू नका.