जुन्या खूनकथेवर गेम करायचा, तर खुनी तोच ठेवावा का?

कंदील

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मावसभाऊ मिळून मराठीत एक छोटा गेम करतोय. गोष्ट घेतली आहे गास्तों लरू यांची 'पिवळ्या खोलीचं रहस्य'. १९०७ साली फ्रान्समधल्या एका साप्ताहिकाच्या पुरवणीतून आली, १९०८ मध्ये पुस्तक झालं. बंद खोलीच्या कथांमधली माझी सगळ्यांत लाडकी.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्लांदिए नावाची जुनी गढी, तिच्या आवारात एक छोटा बंगला. बंगल्यात प्रोफेसर स्टँजरसन यांची प्रयोगशाळा आणि तिला लागून त्यांच्या मुलीची निजायची खोली. खोलीला दार एकच, तेही आतून बंद. खिडकी एकच, तिला गज. वडील आणि म्हातारा नोकर जाक शेजारच्या प्रयोगशाळेत काम करत असताना मध्यरात्री आतून किंकाळ्या आणि गोळ्यांचे आवाज येतात. दार फोडून बघतात तर मुलगी रक्तबंबाळ, भिंतीवर रक्ताळलेल्या हाताचा ठसा, जमिनीवर जाकचंच पिस्तूल आणि हल्ल्यासाठी वापरलेलं मेंढीचं हाड. हल्लेखोराचा पत्ता नाही. मुलगी वाचते, त्यामुळे सुरुवातीला खून म्हणता येत नाही, पण पुढे एकाचा जीव जातोच.

गेम ट्वाइनमध्ये (दुव्यांनी जोडलेल्या गोष्टी बनवायचं मोफत साधन) बांधतोय, चित्रं भाऊ काढतो. पुस्तकात बंगल्याचा नकाशा छापलेला आहे. तो पाहिल्यावरच मला वाटलं होतं की हे खेळायला हवं.

अडलंय ते असं. आमच्या वाचनालयात येणाऱ्या मुलांना कच्चा गेम खेळायला दिला. नववीतला एक मुलगा खोलीत दिसेल त्यावर बोट दाबत गेला. पलंग, गज, ठसा, पिस्तूल. नोंदी आपोआप वहीत पडत होत्या, त्या त्याने उघडल्याही नाहीत. शेवटी 'हल्लेखोर कोण?' या प्रश्नाखाली सहा नावं होती. त्याने वरून एकेक दाबलं, एक बरोबर लागलं, आणि 'संपला?' म्हणत मोबाइल माझ्या हातात दिला. उलट तिथलेच एक काका, ज्यांनी कादंबरी वाचली होती, त्यांनी दुसऱ्याच पडद्यावर उत्तर सांगून टाकलं.

भाऊ म्हणतो, खुनीच बदलू, म्हणजे दोन्ही प्रश्न सुटतील. अगाथा ख्रिस्तीच्या कादंबरीवरच्या एका गेममध्ये तसं केलंय म्हणे. मला ते मनापासून पटत नाहीये, पण त्याला पटेल असं काही सांगताही येत नाहीये. आणि दुसरं, खेळणाऱ्याने कोण व्हायचं? अठरा वर्षांचा पत्रकार रूलताबीय, की त्याचा मित्र आणि गोष्ट सांगणारा सँक्लेर?

कृपा करून कुठल्याच गोष्टीतलं गुन्हेगाराचं नाव इथे फोडू नका.

निळी शाई

खुनी बदलू नका. अजिबात नको.

तुमचा भाऊ म्हणतोय तो गेम 'अँड देन देअर वेअर नन', २००५ चा. मी तो पूर्ण खेळलेय. कादंबरीत फ्रेड नॅराकॉट नावाचा होडीवाला पाहुण्यांना बेटावर सोडून निघून जातो. गेममध्ये त्याचा भाऊ पॅट्रिक त्यांना आणतो, होडी निकामी होते आणि तोही तिथेच अडकतो. आपण म्हणजे हा पॅट्रिक. खुनी बदललाय, आणि शेवटाकडे आपण कुणाला वाचवू शकतो त्यावर समारोप बदलतो.

मन लावून केलेलं काम आहे ते. बेट, वादळ, दिवाणखाना, सगळं हवं तसं. पण मूळ गोष्टीत प्रत्येक पाहुण्याच्या मागे एक जुनं पाप आहे, आणि भिंतीवरच्या कवितेत प्रत्येकासाठी एक ओळ आहे. वाचताना जीव मुठीत असतो तो त्यामुळे. पॅट्रिकचं ना पाप, ना त्याच्या नावाची ओळ. एकेक माणूस मरत जातं आणि आपण वस्तू गोळा करत खोल्या हिंडतो. भीती आपल्या अंगाला लागतच नाही. आणि खुनी बदलल्यामुळे ज्या बारीक खुणा लेखिकेने एका माणसाकडे नेऊन ठेवल्या होत्या, त्या दुसरीकडे वळवाव्या लागल्या. खुणा दोघांकडे सारख्याच नेता येत असतील तर त्या कुणालाच बांधून ठेवत नाहीत. भावाला एवढं सांगा.

तो कदाचित म्हणेल की ख्रिस्तीबाईंनी स्वतःसुद्धा बदल केला होता. केला होता. कादंबरी १९३९ ची, त्यांनीच लिहिलेलं नाटक १९४३ साली लंडनमध्ये रंगभूमीवर आलं आणि त्याचा शेवट वेगळा आहे. ऐन युद्धात प्रेक्षकांना सगळे मेलेले दाखवायचे नव्हते. त्या कवितेचा शेवट दोन तऱ्हांनी म्हणत असत, एकात शेवटचा गळफास घेतो, दुसऱ्यात त्याचं लग्न होतं. बाईंनी दुसरा घेतला. पण बघा, गुन्हेगार त्यांनी तोच ठेवला. कोण जगतं ते बदललं, कुणी आणि का केलं त्याला हात लावला नाही. तुम्हाला सूट घ्यायचीच असेल तर तेवढीच घ्या.

खेळणाऱ्याने कोण व्हावं याचं मला आवडलेलं उत्तर २००६ च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस' मध्ये आहे. ख्रिस्तीबाईंचा गुप्तहेर पॉयरो याचा पाय दुखावलाय, तो डब्यात पडून आहे, आणि बर्फात अडकलेल्या गाडीत त्याच्यासाठी धावपळ करते आंत्वानेत मार्सो नावाची रेल्वेची कर्मचारी. ती म्हणजे आपण. पॉयरोला आवाज टीव्हीवर पॉयरो साकारणाऱ्या डेव्हिड सूशे यांचाच, त्यामुळे त्याच्याकडे परत जाऊन काय सापडलं ते सांगावंसं वाटतं. डोकं त्याचं, पाय आपले. तुमचा रूलताबीय मनातलं कुणाला सांगत नाही, तेव्हा त्याच्या आत खेळणाऱ्याला बसवलंत तर एक तर सगळं आधीच कळेल, नाहीतर स्वतःच्याच मनातलं स्वतःपासून लपवावं लागेल. सँक्लेर घ्या.

घड्याळजी

कंदील, तुमच्या त्या नववीतल्या मुलाचं काही चुकलं नाही. सहा नावांचं कुलूप लावलंत, त्याने सहा किल्ल्या लावून बघितल्या. प्रश्न बदला.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' खेळला नसेल तर जरूर खेळा, २०१८ चा. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं असतं. प्रत्येकाचं नाव आणि नशीब लिहायचं, पण तीन माणसांचं बरोबर लागल्याशिवाय गेम काहीही बोलत नाही. तुमच्याकडे नकाशा आहेच. अमुक वाजता अमुक माणूस अमुक जागी होता, असं विधान खेळणाऱ्याला मांडू द्या. सहा माणसं, पाच जागा, चार वेळा धरल्या तरी एका विधानाच्या १२० शक्यता होतात. तीन विधानं एकदम जुळल्याशिवाय हो-नाही काही सांगायचं नाही. मग मुलगा वही उघडेल, कारण उघडल्याशिवाय भागणार नाही.

आणि वेळेला मान द्या. इन्फोकॉम या कंपनीचा १९८२ चा 'डेडलाइन' नुसत्या मजकुराचा गेम होता, एकही चित्र नाही. पण घरातली माणसं आपापल्या घड्याळाप्रमाणे वावरायची. तुम्ही बागेत असताना दिवाणखान्यात फोन वाजून गेला की गेलाच. तपासाला बारा तास, आणि गेमच्या खोक्यातून जबान्या, अहवाल, औषधाच्या गोळ्यांची पुडी हातात यायची. १९९७ च्या 'द लास्ट एक्स्प्रेस' मध्ये तर जुलै १९१४ ची ओरिएंट एक्स्प्रेस आहे, शेजारच्या टेबलावरचं बोलणं तुम्ही ऐका किंवा नका ऐकू, ते चालूच राहतं. हुकलं तर घड्याळ मागे फिरवता येतं. ट्वाइनमध्ये एवढं करायला जीव जाईल, हे खरं. पण एका संध्याकाळीपुरतं करा. प्रत्येक ठिकाणी जायला पाच मिनिटं खर्च होतात एवढं जरी ठेवलंत तरी 'सगळ्यावर बोट दाबणं' आपोआप थांबतं.

प्रत्यय

घड्याळजींची विधानांची कल्पना फार चांगली आहे. फक्त ती मराठीत आणताना व्याकरण चुगली करतं, तिकडे आत्तापासून लक्ष द्या. मी मुलांसाठी मराठी कोडी लिहिते, रोज याच्याशी झगडा असतो.

रिकामी जागा भरायला दिलीत आणि पुढे 'आत गेला' असं लिहिलंत, की सगळ्या बायका संशयातून सुटल्या. 'येतो', 'येते' तसंच. म्हणून वाक्यं अशी घ्या की क्रियापद कर्माबरोबर जाईल: 'कुणी दार आतून लावलं', 'कुणी पिस्तूल उचललं'. इथे करणारा बाई की बुवा ते कळत नाही. पण 'बोलला', 'विसरला', 'ओरडला' यांच्यापासून सावध राहा, ही मंडळी 'ने' घेत नाहीत आणि लगेच सांगून मोकळी होतात. भविष्यकाळ सुरक्षित आहे, 'येईल' दोघांनाही चालतं.

एवढ्याने भागत नाही. 'जाकने' आणि 'प्रोफेसरांनी' यांत ने आणि नी वेगळे. रिकाम्या जागेनंतर नुसतं 'ने' छापलंत तर प्रोफेसर बाद. तेव्हा प्रत्यय नावाच्याच पट्टीवर लिहा, 'जाकने', 'प्रोफेसरांनी', अशी तयार पट्टी खेळणाऱ्याने उचलून ठेवायची.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आदरार्थी बहुवचन. आपण गुन्हेगाराबद्दल सहज 'तो' म्हणतो आणि भल्या माणसाबद्दल 'ते'. निवेदनात पाच जणांना 'ते' आणि एकालाच 'तो' असं झालं, तर हुशार वाचक पहिल्या पानावर ओळखेल. पहिल्यापासून सगळ्या संशयितांना एकच मान द्या. संवादात मात्र ज्याचं त्याचं नातं येऊ दे. रूलताबीय प्रोफेसरांशी 'तुम्ही', जाकशी मी तरी 'जाकबाबा, तुम्ही' असंच लिहीन. साक्षीदाराला अंधारात काहीतरी दिसलं असेल तर 'कुणीतरी पळालं' लिहा. नपुंसकलिंग अशा वेळी फार उपयोगी पडतं.

तिसरी घंटा

ज्यांना उत्तर माहीत आहे अशा काकांचा विचार कुणी केला नाही म्हणून लिहितोय.

आमच्या हौशी संघाच्या एका रहस्यनाटकात मी खुन्याचं काम करायचो. दुसऱ्यांदा नाटक बघायला येणारे प्रेक्षक मुद्दाम पुढच्या रांगेत बसायचे आणि पूर्ण पहिला अंक माझ्या हातांकडे बघायचे. चहाचा कप उचलताना मी कुणाकडे नजर टाकतो, दाराशी कधी थबकतो. उत्तर माहीत असल्यामुळे त्यांना जास्त दिसत होतं, आणि मध्यंतरात भेटून ते सांगायचे तेव्हा डोळे चमकायचे.

काकांना तेच द्या. गेम एकदा पूर्ण झाला की दुसरी फेरी उघडू दे. त्यात प्रत्येक संवादाच्या वेळी खेळणाऱ्याने सांगायचं की हा माणूस आत्ता काय लपवतोय. लरूंच्या गोष्टीत खोटं बोलणारा एकटा गुन्हेगार नाही, चांगली माणसंही आपापल्या कारणांनी गप्प आहेत. कोण भीतीने गप्प, कोण प्रेमाने गप्प, हे ओळखणं 'कोण' पेक्षा अवघड आहे आणि त्याला कादंबरीची एक ओळही बदलावी लागत नाही.

निळी शाई

तिसरी घंटा, हे फार आवडलं. २०१६ च्या 'एबीसी मर्डर्स' मध्ये पॉयरोला शोभेल असं वागलं, म्हणजे आरशात मिशी बघितली, टापटीप जपली, की वेगळे गुण मिळायचे. गोष्ट माहीत असणाऱ्यालाही त्यामुळे काही करण्यासारखं राहायचं. तुमची कल्पना त्याहून खोल जाते.

कलम

हक्कांचं लिहितो, कारण कुणी विचारलं नाही. लरू १९२७ साली गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे मूळ कादंबरी मोकळी आहे. ख्रिस्ती १९७६ साली गेल्या, म्हणजे आपल्याकडे २०३६ संपेपर्यंत परवानगी लागेल, इंग्लंडमध्ये २०४६ पर्यंत. तुम्ही गोष्ट योग्य निवडली आहे. फक्त मराठी मजकूर कशावरून करताय ते बघा. अलीकडच्या इंग्रजी भाषांतरावरून करत असाल तर त्या भाषांतरकाराचा हक्क वेगळा असतो. जुनं भाषांतर वापरा, किंवा फ्रेंच येणारं कुणी सोबत घ्या.

कंदील

सगळ्यांचे मनापासून आभार. भावाला निळी शाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला. खुणा कुणालाच बांधून ठेवत नाहीत, या वाक्यापाशी त्याने मान हलवली. खुनी तोच राहणार.

कलम, आम्ही जुन्या इंग्रजी प्रतीवरूनच करतोय, आणि भावाची एक मैत्रीण फ्रेंच शिकवते, ती मुळाशी ताडून देईल. प्रत्यय, तुमचं वाचून सगळे पडदे पुन्हा चाळले. खरोखरच एका माणसालाच 'तो' लिहिलं होतं. आता सगळे 'ते' आहेत. नावाच्या पट्ट्याही प्रत्ययासकट होतील. घड्याळजींची तीन विधानं घेतोय, पाच मिनिटांचा हिशेब फक्त पहिल्या संध्याकाळीपुरता. दुसरी फेरी नक्की करणार.

सँक्लेरला घ्यायचं ठरलं, पण त्यातून एक नवीन पेच आलाय. गढीच्या गॅलरीतला तो प्रसंग, जिथे चार जण वेगवेगळ्या बाजूंनी धावत येतात, एकमेकांवर आदळतात आणि मधला माणूस नाहीसा होतो, तेव्हा सँक्लेर तिथे नसतोच. कादंबरीत तो भाग रूलताबीयच्या वहीतून येतो. ती वही खेळणाऱ्याला नुसती वाचायला द्यावी, की तेवढ्यापुरतं त्याला रूलताबीय करून गॅलरीत पळवावं? वाचायला दिली तर गोष्टीतला सगळ्यांत थरारक प्रसंग हातातून जातो, पळवावं तर निळी शाई म्हणतात ती अडचण येते. मला एक सुचतंय. वही वाचता वाचता नकाशावर चौघांच्या चार सोंगट्या सँक्लेरनेच पुढे सरकवायच्या, एका ओळीला एक पाऊल. गॅलरीचा नकाशा भाऊ काढतोय, झाला की इथेच टाकते. ज्यांनी कादंबरी वाचलीये त्यांनी जिने आणि खिडक्या बरोबर जागी आहेत का तेवढं तपासून सांगा.