इंडिया गेट आणि राष्ट्रीय युद्ध स्मारक

'इंडिया गेटवर नावं आहेतच, मग शेजारी आणखी एक स्मारक कशाला' हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. इंडिया गेटवरची तेरा हजारांवर नावं पहिल्या महायुद्धातल्या आणि 1919 च्या अफगाण युद्धातल्या सैनिकांची आहेत. 1947-48, 1962, 1965, 1971, कारगिल यांतल्या जवानांच्या नावांना तिथे जागाच नव्हती. ती मिळायला 25 फेब्रुवारी 2019 उजाडावा लागला, त्या दिवशी शेजारच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाचं उद्घाटन झालं. उशीर फार झाला, पण झालं ते योग्यच झालं.

आमच्या नाशिकरोडला तोफखान्याचं केंद्र, पलीकडे देवळाली कॅम्प, त्यामुळे फौजी घरं आजूबाजूला खूप. शेजारच्या काकूंचे थोरले भाऊ 71 च्या युद्धात गेले. काकूंना घेऊन आम्ही दिल्लीला हे स्मारक बघायला गेलो होतो. तिथल्या त्यागचक्रात, म्हणजे नावांच्या गोलाकार भिंतींत, प्रत्येक सैनिकाची स्वतंत्र ग्रॅनाइटची वीट आहे, तिच्यावर नाव, हुद्दा, रेजिमेंट. पंचवीस हजारांवर नावांत आपलं माणूस शोधायचं, म्हणून पूर्ण नाव आणि युनिट घरूनच लिहून न्या. दादांचं नाव दिसलं तशा काकू त्या विटेवर हात ठेवून त्यांच्याशी बोलत राहिल्या, घरच्या सगळ्या बातम्या सांगितल्या. मुलं शेजारी उभी राहून ऐकत होती.

आणि हो, परम योद्धा स्थळ घाईत सोडू नका. तिथे परमवीरचक्र मिळालेल्या 21 वीरांचे अर्धपुतळे आहेत. प्रवेश मोफत आहे. संध्याकाळी हुतात्म्यांच्या कुटुंबीयांच्या हस्ते पुष्पचक्र वाहतात, त्या वेळेच्या हिशेबानेच जा.